शून्य दोनची खिडकी

आमच्या बिल्डिंगमध्ये माणसाला नावाने ओळखायची पद्धत नाही. ‘चारशे तीनच्या मुलीचं जमलं’, ‘दोनशे एकला डेंग्यू झालाय’, असंच आमचं बोलणं चालतं. मीरा रोडच्या एकेका जिन्यावर इतक्या भाषांची आडनावं राहतात की नंबरच सोपा पडतो. त्यामुळे तळमजल्यावर, कंपाउंडकडे खिडकी असलेल्या घरातले काका हे आमचे ‘शून्य दोन’. त्यांना ते माहीत होतं आणि चालायचंही. एकदा कुणीतरी घाईत नुसतं ‘दोन’ म्हणालं, तेव्हा मात्र त्यांनी त्याला जिन्यात थांबवून सांगितलं, “शून्य खाऊ नका. दोनच अक्षरं आहेत, काही जड नाही ते.”

शून्य दोन वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले काटे, वजनं, लिटरची मापं तपासायची, हे त्यांचं काम. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते आणि पुढे निवृत्त झालेही, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत नीट पोचली नसावी. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मोजायची टेप आणि पॅंटच्या खिशात रुमालाशेजारी हुकाचा छोटा काटा घेऊनच ते घराबाहेर पडत. भाजी घेतली की पिशवी तिथल्या तिथे हुकाला लावायची. “भैया, नौ सौ साठ भरा,” एवढंच म्हणायचे. आवाज चढवायचे नाहीत. भाजीवाला न बोलता दोन टोमॅटो टाकायचा, ते परत हुकाला लावायचे, आणि एक टोमॅटो जास्त झाला तर तो परत करायचे. या परत केलेल्या टोमॅटोची भाजीवाल्याला जास्त धास्ती होती.

‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या घरात बोलायचा नाही असा नियम होता. स्टेशन किती लांब आहे, असं विचारलं तर पावलं सांगायचे, आणि कुणाची पावलं तेही सांगायचे. माझ्या लग्नात, हॉलच्या दारात, नवरदेवाला शेकहॅंड करता करता त्यांनी दुसऱ्या हाताने टेप सोडली आणि माझ्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, “बायोडेटात पाच आठ लिहिलंय. पाच सात भरतोय. बुटासकट. अजून वेळ आहे, विचार करा.” लग्न झालं. तो एक इंच आमच्या प्रत्येक भांडणात निघतो.

त्यांची हार मी एकदाच पाहिली. उत्तनची एक मावशी दर बुधवारी टोपली घेऊन आमच्या कंपाउंडमध्ये बसायची. ती बोंबील, मांदेली वाट्यावर विकायची. एका पानावर एक ढीग, तो एक वाटा. शून्य दोन टोपलीपुढे उकिडवे बसले आणि विचारलं, “हा वाटा किती ग्रॅमचा?”

“वाटा हाय तो,” मावशी म्हणाली.

“हो, पण किती?”

“वाट्याएवढा हाय.”

त्यांनी काटा काढला. मावशीने काट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “भाऊ, घ्यायचा तं घे. मासली मेलेली हाय, तिला आनखी लटकवू नको.” शून्य दोन उठले. त्यानंतर तिच्याकडून मासळी घेताना ते तोंड दुसरीकडे करून उभे राहत आणि पिशवी झाकून घरी नेत.

तर अशा माणसाच्या खिडकीसमोर आम्ही क्रिकेट खेळायचो.

आमचं मैदान म्हणजे पंपाच्या खोलीपासून गेटपर्यंतचा पट्टा. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने तीन स्टंप रंगवलेले होते. फलंदाजाच्या उजव्या हाताला कंपाउंडची भिंत, तिच्यापलीकडे मिठागर. बॉल भिंतीवरून मिठागरात गेला तर आऊट, कारण तो काढायला चिखलात कोण उतरणार. भिंतीला लागून दोन स्कूटर उभ्या असायच्या, त्यांना लागला तर सेक्रेटरी खाली यायचे. राहता राहिली दोन स्कूटरच्या मधली वीतभर जागा. तिथून बॉल जमिनीवरून सरपटत भिंतीला लागला की चौकार. आणि डाव्या हाताला शून्य दोनची खिडकी.

मी विकेटकीपर होते. स्टंपच भिंतीवर असल्यामुळे कीपरला काही काम नव्हतं, म्हणून ते एका मुलीला दिलेलं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि सगळ्यांच्या चुका पाहायचे. ती सवय अजून आहे. लग्नानंतर मी सी विंगमधून ए विंगमध्ये गेले, एवढाच माझा आयुष्यातला प्रवास, त्यामुळे पाहण्यात खंड पडला नाही. शून्य दोन मला शेवटपर्यंत ‘विकेटकीपर’ म्हणत. “जय भीम, विकेटकीपर,” असं सकाळी ऑफिसला जाताना ऐकू आलं की दिवस बरा जायचा.

बबलू तिसऱ्या मजल्यावरचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचे वडील परभणीकडून नोकरीला म्हणून आलेले, आई शिवणकाम करायची. बॅट त्याच्या छातीपर्यंत यायची तेव्हापासून तो मोठ्या मुलांना हैराण करायचा. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या मामाने त्याला लेदरचा सीझन बॉल आणून दिला. नियमाने आम्ही रबरी बॉलने खेळायचो, पण नवीन बॉल घरात ठेवून कुणाला झोप येते? पहिलाच बॉल त्याच्या पायावर पडला, त्याने तो डावीकडे फिरवला आणि शून्य दोनची काच खळ्ळकन आत गेली.

आत खिडकीला लागून काकूंचा पलंग होता. काकूंचं कमरेखालचं अंग गेलेलं होतं. दिवसभर त्या तिथे पडून असायच्या आणि आमचा खेळ पाहायच्या. काचा त्यांच्या चादरीवर पडल्या. एकही लागली नाही, पण काका एकेक काच वेचून चादरीवरून परत परत हात फिरवून बघत होते, ते मी खिडकीतून पाहिलं. आता खेळ बंद, असंच आम्ही धरून चाललो होतो. आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगांत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशा पाट्या लागल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शून्य दोनने आम्हा नऊ जणांना घरी बोलावलं आणि चटईवर बसवून सुनावणी घेतली. आधी बॉलचं वजन केलं. बॅटची रुंदी मोजली. मग पिच मोजून आलेले आकडे वाचून दाखवले आणि सांगितलं की बावीस यार्डांऐवजी तुमच्याकडे चौदाच आहेत, तेव्हा याला क्रिकेट म्हणता येणार नाही. नंतर त्यांनी कार्बन घालून तीन प्रतींत नियम लिहिला. तो मला अजून पाठ आहे.

‘क्रिकेटसदृश खेळ खेळताना चेंडू फलंदाजाच्या डाव्या बाजूस शून्य दोनच्या भिंतीच्या हद्दीत गेल्यास, काच फुटो वा न फुटो, झेल जावो वा न जावो, फलंदाज बाद समजला जाईल.’

खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. बबलू नुकताच पूर्ण नाव लिहायला शिकला होता. त्याची सही दोन ओळींत मावली नाही, तिसरीत उतरली.

“काका, मग खेळायचं?” त्याने विचारलं.

“खेळायचं. हिला दिवसभर दुसरं काय आहे बघायला?” ते काकूंकडे बघून म्हणाले.

त्या दिवसापासून काकू आमच्या पंच झाल्या. बॉल डावीकडे गेला की काचेआडून त्यांचं बोट वर व्हायचं आणि वाद संपायचा. त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. पाच वर्षांनी काकू गेल्या. पंधरा दिवस आम्ही खेळलो नाही. पुन्हा खेळायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी कुणाचातरी बॉल डावीकडे गेला, आम्ही सवयीने खिडकीकडे पाहिलं. पलंग रिकामा होता. मग आतून काकांचा जाड आवाज आला, “आऊट!”

बबलू त्या नियमावर मोठा झाला. पायावर आलेला बॉलसुद्धा तो जरा बाजूला सरकून दोन स्कूटरच्या मधून काढायचा. पुढे शाळेच्या स्पर्धेत त्याला बोरिवलीच्या एका कोचने पाहिलं, मग क्लब, मग अंडर नाइन्टीन, मग राज्याची टीम, आणि एके दिवशी सकाळी त्याच्या आईने चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत प्रत्येक दार ठोठावून सांगितलं की पोरगा इंडियाकडून खेळतोय.

पहिल्याच डावात त्याने अशा धावा काढल्या की कॉमेंटरीवाले वेडे झाले. त्याचा कव्हर ड्राइव्ह, तो जमिनीला चिकटून जाणारा, दोन फिल्डरच्या मधली सुतासारखी फट शोधणारा! एक परदेशी म्हातारा खेळाडू म्हणाला की असा फटका शिकवून येत नाही, ही देवाची देणगी आहे. आम्ही शून्य दोनच्या घरी टीव्ही पाहत होतो. सेक्रेटरी म्हणाले, “कसली देवाची? मारी स्कूटर नी देणगी छे!” त्यांना त्या दिवशी फार अभिमान वाटत होता. त्यांनी ती स्कूटर धुऊन घेतली.

गेटवर नगरसेवकाने अभिनंदनाचा बॅनर लावला. शून्य दोन टेप घेऊन स्टुलावर चढले आणि खाली उतरून जाहीर केलं, “बबलूचा चेहरा अकरा इंच. साहेबांचा सव्वीस.”

दोन वर्षं मजेत गेली. मग एका परदेश दौऱ्यात एका उंच बोलरच्या लक्षात आलं की या मुलाच्या पायावर टाकत राहायचं. बबलू सवयीप्रमाणे बाजूला सरकायचा आणि पॅडवर खायचा. एलबीडब्ल्यू. पुढच्या डावात तेच. तिसऱ्या डावात पायामागून बोल्ड. ही बातमी सगळ्या देशांच्या बोलरना एकाच वेळी कळली असावी. टीव्हीवर चार चार जाणकार बसून त्याच्या पायांवर चर्चा करायला लागले. कुणी म्हणालं डोकं पडतंय, कुणी म्हणालं खांदा उघडतोय, एकाने तर त्याच्या लग्नाचं वय झाल्याचं सुचवलं. दौरा संपला आणि बबलू संघाबाहेर गेला. लोकांनी मोबाइलवर त्याची चेष्टा सुरू केली. त्याची आई भाजीला खाली उतरेनाशी झाली, आणि माझा संताप संताप व्हायचा, पण संताप करून कुणाचा पाय सरळ होतो का?

एका रविवारी दुपारी शून्य दोनने मला बोलावलं. टीव्हीवर बबलूच्या कारकिर्दीचा आढावा चालला होता. सगळं संपल्यासारखा आढावा, आणि तो होता जेमतेम सव्वीस वर्षांचा. पडद्यावर मैदानाचं गोल चित्र होतं, त्याने कुठे कुठे धावा काढल्या ते दाखवणाऱ्या रेषा काढलेलं. उजवीकडे रेषाच रेषा. डावीकडे वर थोड्या, खाली थोड्या आणि मधे केकचा तुकडा कापून नेल्यासारखी मोकळी जागा.

“याचा फोटो काढ,” ते म्हणाले. “आणि छापून आण. मोठा.”

मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. त्यांनी टेबलावर ठेवून त्यावर कोनमापक लावला, त्या मोकळ्या जागेचा कोन मोजला आणि पेन्सिलने कोपऱ्यात लिहिला. मग सुतळीचं भेंडोळं घेऊन बाहेर गेले. मी मागे. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर रंगवलेले स्टंप अजून पुसट दिसत होते. सुतळीचं एक टोक त्यांनी माझ्याकडून स्टंपापाशी धरून घेतलं, दुसरं आपल्या भिंतीच्या एका कडेला नेलं. मग दुसरी सुतळी दुसऱ्या कडेला. जमिनीवर ओणवे होऊन त्यांनी दोन सुतळ्यांमधला कोन मोजला. चष्मा पुसला. परत मोजला.

“किती?” मी विचारलं.

“सत्तेचाळीस.”

“आणि कागदावर?”

ते जमिनीवरच बसले. “सत्तेचाळीस,” ते म्हणाले. “विकेटकीपर, जगातल्या सगळ्या मैदानांवर त्या पोराला माझी खिडकी दिसतेय गं.”

मला हसू यायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांचे काटे तपासले होते, आणि आज स्वतःच्या घराचं माप त्या पोराला पडलेलं त्यांना दिसत होतं.

पुढचे आठ दिवस त्यांनी टेप खिशात घातली नाही. भाजीवाल्याने मला गाठलं. “मॅडम, चाचा की तबियत खराब है क्या? चार दिन से तौल नहीं रहे. ऐसेच लेके जाते हैं.” तो खरंच घाबरला होता.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. “काका, काकू गेल्यावर तो नियम रद्द का नाही केलात? खिडकीत कुणी झोपत नव्हतं, काच फुटली असती तरी काय होतं?”

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. “कुणी अर्जच केला नाही,” ते म्हणाले.

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला आणि परत केला. तारीख नव्हती. तारीख घातली. मग दोन प्रती मागितल्या. त्या दिल्या. तेव्हा म्हणाले, “अर्जदार स्वतः बाधित नाही. तू कधी बॅटिंग केलीस? बाधित माणसाची सही लागेल.” मला त्यांच्या डोक्यात सुतळीचं भेंडोळं घालावंसं वाटलं. पण त्याच अडवणुकीमुळे बबलू घरी आला, हेही खरं.

तो अंधेरीला राहायचा. सहीचं मी त्याच्या आईला सांगितलं, तिने रडून फोन केला म्हणून शनिवारी सकाळी आला, टोपी डोळ्यांवर ओढून. दहा दिवसांनी राज्याच्या टीमची मॅच होती. तिथेही नाही चाललं तर तिथूनही काढणार होते, हे त्याने जिन्यातच मला सांगितलं. “मग संपलंच, ताई. मग लोकांच्या वाढदिवसाला फोटोत उभं राहायला जायचं.”

शून्य दोनने त्याला कागद दाखवला, कोन दाखवला, सुतळ्या दाखवल्या.

“काका, बॉल सुटायच्या आधी पाय हलतात ना, त्या माझ्या ट्रिगर मूव्हमेंटचा प्रॉब्लेम आहे,” बबलू म्हणाला. “ॲनॅलिस्ट आहेत आमचे. डेटा आहे सगळा.”

“डेटा माझ्याकडेही आहे. नेटमध्ये डावीकडे मारता येतं?”

“येतं ना. नेटमध्ये सगळं येतं.”

“आणि मॅचमध्ये?”

बबलूने टोपी आणखी खाली ओढली. मग हळूच म्हणाला, “मॅचमध्ये बॉल पायावर आला की काहीतरी फुटेल असं वाटतं.”

“ते फोडायचंय,” शून्य दोन म्हणाले. “उद्या सकाळी आठ. सीझन बॉल आण.”

त्यांनी शनिवारीच नया नगरमधल्या काचवाल्याला बोलावून खिडकीला मागाहून चोरांसाठी बसवलेलं ग्रिल काढून घेतलं. काचवाला जाता जाता म्हणाला, “चाचा, शीशा भी निकाल दूं? टूटने का टेन्शन नहीं.” त्याच्यावर ते प्रथमच ओरडले. “उघड्या खिडकीत कुणीही मारेल! काच पाहिजे. बंद पाहिजे.”

रविवारी आठ वाजता अख्खी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी होती. बबलू पंपाच्या खोलीपुढे बॅट घेऊन. बोलिंग माझ्याकडे आली, कारण जुन्यांपैकी बाकी सगळे पुण्याला नाही तर कॅनडाला गेलेले. मी आयुष्यात पहिल्यांदा बोलिंग टाकत होते. सुदैवाने पायावर टाकणं हे न येणाऱ्या माणसाला सहज जमतं. शून्य दोन मात्र बाहेर दिसत नव्हते. मग खिडकीत पाहिलं तर पलंग होता त्याच जागी खुर्ची टाकून, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घालून ते बसले होते.

“काका, बाहेर या!” मी ओरडले.

“आयएसआय आहे!” आतून हेल्मेटवर टकटक करत उत्तर आलं.

पहिला बॉल पायावर. बबलू सरकला आणि सपकन उजवीकडे कव्हर ड्राइव्ह. आता तिथे दोन स्कूटर नव्हत्या, भिंतीला खेटून सात गाड्या उभ्या होत्या. पहिल्या गाडीचा अलार्म वाजायला लागला. दुसरा बॉल, दुसरी गाडी. तिसरा, तिसरी. सेक्रेटरी वरून गुजरातीतून काय काय म्हणत होते, ते सगळं मी लिहिणार नाही. चौथ्या बॉलनंतर चार अलार्म चार सुरांत बोंबलत होते आणि बबलू घामाने निथळत बॅटवर डोकं टेकून उभा होता. “नाही होत,” तो म्हणाला. “पाय ऐकत नाही, ताई.”

तेव्हा खिडकीत हालचाल झाली. शून्य दोनने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि काचेला आतून लावून धरला. खाली नऊ सह्या. तीन ओळींत उतरलेली एक सही लांबूनसुद्धा ओळखू आली. मग त्यांनी तो कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, त्यावर फूटपट्टी ठेवली, आणि ज्या माणसाने भाजीची पावतीसुद्धा कधी चुरगळली नाही त्याने तो नियम सरळ रेषेत, बरोबर मधोमध फाडला. हेल्मेटमध्ये हात घालून डोळे पुसायला बघत होते, हेल्मेटची काच आड येत होती.

बबलूने टोपी काढून फेकली. “टाक ताई,” तो म्हणाला.

मी टाकला. पायावरच पडला. तो सरकला नाही. मनगटं फिरली, बॉल डावीकडे गेला आणि अठरा वर्षांनी तीच काच तशीच खळ्ळकन आत गेली. गॅलऱ्यांत कुणी हललं नाही. फक्त चार अलार्म वाजत होते. मी खिडकीकडे धावणार, एवढ्यात आतून तो जाड आवाज आला.

“आऊट!”

आणि देशाकडून खेळून आलेल्या त्या माणसाने बॅट काखेत मारली आणि मुकाट्याने जिन्याकडे चालायला लागला. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो वळला, खिडकीतल्या हेल्मेटकडे बघितलं, आणि दोघंही असे हसत सुटले की बबलू खालीच बसला. त्याची आई तिसऱ्या मजल्यावर पदर तोंडात धरून रडत होती. त्या दिवशी बबलू अकरा वेळा आऊट झाला. काचा संपल्यावर भिंतीवर मारत होता.

राज्याच्या मॅचमध्ये तो चालला. पुढच्या दोन मॅचमध्येही. सहा महिन्यांनी त्याला पुन्हा इंडियाच्या टीममध्ये घेतलं, तेव्हा आम्ही सगळे शून्य दोनच्या घरी जमलो. खिडकीला नवीन काच होती, पण ग्रिल त्यांनी परत बसवलं नव्हतं. तो उंच बोलर होताच. त्याने पहिलाच बॉल पायावर टाकला. बबलूने मनगट फिरवलं आणि बॉल डावीकडे, बरोबर त्या सत्तेचाळीस अंशांच्या मधून सीमेपार गेला. आणि आमच्या अख्ख्या खोलीने, सेक्रेटरींसकट, एका आवाजात आरोळी ठोकली, “आऊट!”

टीव्हीवर बबलूने बॅट काखेत मारली. दोन पावलं पॅव्हेलियनकडे चालला. अंपायर गोंधळून त्याच्याकडे पाहायला लागला. मग तो थांबला, वळला आणि परत स्टंपापाशी येऊन उभा राहिला. कॉमेंटरीवाल्यांनी यावर बरीच चर्चा केली. एकाचं मत पडलं की अंधश्रद्धा असावी, दुसरा म्हणाला पायात गोळा आला असेल. अजूनही डावीकडे चौकार गेला की बबलू ती दोन पावलं चालतो आणि अजूनही त्यांना कळलेलं नाही.

शून्य दोन गेल्या वर्षी गेले. पण त्या दिवशी ते खुर्चीत ताठ बसले होते, काकूंचा पलंग होता त्या जागी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाहिलंस, विकेटकीपर? मी कागद फाडला, तरी पोरगा हिचा नियम पाळतोय.”